दोन वर्षांच्या संध्याकाळी

त्या रविवारी पास्टर बून बोलता बोलता गाण्यावर आले, तेव्हा व्हर्लीन पिटमनला वाटलं, उठून बाहेर जावं.

एरवी ती त्याच घटकेची वाट बघत बसायची. पास्टरांचं प्रवचन सुरू व्हायचं ते साध्या बोलण्यानं, पायरीवर बसून कुणी गोष्ट सांगावी तसं. मग एखादा शब्द लांबायचा, त्याच्या शेपटाला सूर लागायचा, ऑर्गनवाला तो सूर उचलून परत द्यायचा, आणि बघता बघता गोष्टीचं गाणं होऊन अख्खं चर्च उभं राहायचं. त्या गाण्यानं तिला किती वेळा बुडता बुडता काठावर आणलं होतं, ते एक तिला ठाऊक आणि एक देवाला. पण आज गोष्ट निघाली होती बारा वर्षं रक्तस्राव सोसणाऱ्या बाईची. गर्दीत मागून येऊन तिनं प्रभूच्या वस्त्राचा काठ धरला आणि प्रभू थांबले.

"मला कुणी शिवलं?" पास्टरांनी विचारलं. ऑर्गननं विचारलं. पास्टरांनी वरच्या पट्टीत पुन्हा विचारलं, "कोऽणी शिवलं?"

"विचारा, पास्टर, विचारा!"

"ती बाई थरथरत पुढं आली! आणि तिनं सगळं सांगितलं! अर्धं नाही, चर्च! स-ग-ळं!"

लोक टाळ्या वाजवत होते, पंखे हलत होते, मागच्या बाकावरची एक म्हातारी रडत होती. व्हर्लीननं पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. तिला वाटलं, पास्टर तिच्याकडंच बघतायत. पुढं डीकनांच्या, चर्चचा कारभार बघणाऱ्यांच्या, बाकावर तिचा नवरा थर्मन मान खाली घालून बसला होता. तासाभरापूर्वी त्यानंच उभं राहून आजाऱ्यांची यादी वाचली होती. दर रविवारी वाचायचा. दोन वर्षं होत आली, यादीतलं तिसरं नाव हलत नव्हतं: "सिस्टर लोरेटा, डेट्रॉइट. आपल्या सिस्टर पिटमनची बहीण."

लोरेटाला काहीही झालेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आजारी पडली होती ती स्वतः व्हर्लीन. सात आठवडे ती मेकन शहरातल्या मनोरुग्णालयात होती, आणि घरी आल्यावर आणखी चार महिने अंथरुणात. तेव्हा चर्चमध्ये काय सांगायचं, तर 'ती बहिणीची सेवा करायला डेट्रॉइटला गेलीय' असं थर्मनच्या तोंडून निघून गेलं. चर्चनं लगेच लोरेटाचं नाव यादीत घातलं, प्रार्थना सुरू केल्या, चाळीस कार्डं पाठवली. लोरेटाचा फोन आला होता, "अगं, मला काय झालंय ते तरी मला कळवा! पोस्टमनसमोर कण्हावं लागतंय."

तेव्हा ते हसले होते. नंतर हसू आलं नाही.

*

जेवण दोन वाजता वाढलं. तळलेलं चिकन, कोलार्डची भाजी, कॉर्नब्रेड, बटर बीन्स, आणि ओव्हनमध्ये पीचचा गोड कॉब्लर. टेबलाच्या टोकाला थर्मनची आई. सगळं घर त्यांना मडिअर म्हणायचं. ऐंशी वर्षांच्या, कानानं थोड्या कमी, जिभेनं पुरेपूर. त्यांच्या उजव्या हाताला थर्मनची थोरली बहीण ओडेसा. तीस वर्षं अटलांटात हायस्कूलची मुख्याध्यापिका होती. निवृत्त होऊनही ती खोलीत शिरली की माणसं खुर्चीत सरळ बसत.

ती कालच आली होती आणि कशासाठी आली होती ते सगळ्यांना माहीत होतं. व्हर्लीनची थोरली मुलगी कियोना बारावीत होती. कॉलेजचा अर्ज आज संध्याकाळी सहाच्या आत जायचा होता.

"कियोना, तो लॅपटॉप इथं आण. जेवता जेवता बघू."

"आत्या, हात तेलकट आहेत."

"माझे नाहीत. मी चिकन काट्यानं खाते."

"काट्यानं!" मडिअर म्हणाल्या. "अटलांटानं हिला कोंबडीसुद्धा परकी करून टाकली."

आठ वर्षांची ब्रिएल फिसकन हसली. ओडेसानं चष्मा नाकावर सरकवला आणि पडद्यावर वाचू लागली. व्हर्लीन तिचं बोट वरून खाली येताना बघत होती. ते बोट कुठं थांबणार हे तिला माहीत होतं.

"चर्चचं गाणं. ज्युनिअर अशर. आणि?"

"एवढंच," कियोना म्हणाली.

"दहा रकाने दिलेत, पोरी. तू दोन भरलेस. बरं, मार्क बघू. नववीत सगळे 'ए'. अकरावीत तीन 'सी'." ओडेसानं चष्मा काढला. "हा अर्ज तिकडं जो कुणी वाचेल त्याला काय दिसेल? हुशार मुलगी होती, मग दोन वर्षं दुपारी साडेतीननंतर घरी जाऊन लोळत पडली."

"ती हार्परच्या दुकानात होती, डेसा," थर्मन म्हणाला. "गल्ल्यावर. आठवड्याला चोवीस तास."

"मला माहितीय कुठं होती. कागदाला माहीत नाही."

"वाणसामानाच्या दुकानात गल्ल्यावर उभं राहणं," मडिअर म्हणाल्या, "हे काय मिरवायचं? ते म्हणतील, दुकानातलीच आहे, दुकानातच राहू दे."

"मडिअर, मी तीस वर्षं हे अर्ज पाठवलेत. व्हायोलिन वाजवणारी पोरं त्यांना पोत्यानं मिळतात. आठवड्याला चोवीस तास उभं राहून, घरी पगार देऊन अकरावी पार करणारी पोर त्यांना शोधावी लागते. नोकरीनं मार्क खाल्ले, हे खरंय. पण नोकरी लिहिलीच नाही तर खाल्लेलं दिसतं आणि खाणारा दिसत नाही."

थर्मननं मान हलवली. "बरोबर आहे. लिही, बेबी. कष्टाची लाज कसली?"

कियोना ताटातल्या बीन्सकडं बघत राहिली. व्हर्लीनला ते खटकलं. या पोरीनं कधी कष्टाची लाज धरली नव्हती. हार्परचा हिरवा एप्रन घालून ती शाळेच्या मॅचला जायची. मग लिहिलं का नाही?

"आणि हा खालचा चौकोन," ओडेसा म्हणाली. "घरच्या काही अडचणींचा अभ्यासावर परिणाम झाला असेल तर इथं सांगा. नोकरी का धरावी लागली, ते इथं. हाच चौकोन अर्ज वाचवतो."

थर्मनचा काटा हवेत थांबला.

"तिथं काही लिहायचं नाही," तो म्हणाला.

"आत्ताच तर म्हणालास—"

"नोकरी लिही म्हणालो. का ते नाही."

"अरे, 'का' नसेल तर नोकरी म्हणजे नुसती हौस!"

"डेसा!" मडिअरनी टेबलावर तळहात ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला. तेवढ्यानं ग्लासातला गोड चहा हलला. "या उंबऱ्याच्या आतलं रस्त्यावर जात नाही. तुझा बाप गेला तेव्हा नाही गेलं, आता जाणार नाही. आणि ते लिहिणार कुणासमोर? चार वाजता कोण येणारे?"

चार वाजता सिस्टर ग्रीअर येणार होती. शाळेत मुलांना कॉलेजच्या वाटा दाखवणारी तीच. अर्जासोबत तिचं पत्र जावं लागे, आणि पत्रात या घसरलेल्या मार्कांचं कारण लिहिल्याशिवाय ती सही करणार नव्हती. तसं तिनं शुक्रवारी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. आणि रविवारी पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दारात उभी राहणारी, लोकांना जागा दाखवणाऱ्या अशरांची मुख्यही तीच.

"तिला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं," मडिअर म्हणाल्या. "घंटा निदान रात्री झोपते. माझ्या सुनेचं नाव त्या बाईच्या पत्रात जाणार नाही. संपलं."

वीस वर्षं मडिअर व्हर्लीनला 'थर्मनची बायको' म्हणत आल्या होत्या. 'माझी सून' हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आला, तो असा. व्हर्लीनला एकदम उबदार वाटलं, आणि त्या उबेची तिलाच शरम वाटली. आपल्यासाठी भिंत उभी राहतेय आणि आपण तिच्या आड लपून आनंदतोय.

पण भीती खरी होती. तिच्या आईची बहीण इडेला, बाळंतपणानंतर रडायची थांबेना म्हणून तिला सरकारी वेड्यांच्या इस्पितळात नेलं. ती परत आली नाही. आजोबांनी घराण्याच्या बायबलमधलं जन्मनोंदीचं पान काढून नवं पान लिहिलं, इडेलाशिवाय. व्हर्लीन ते नवं पान बघत मोठी झाली होती. माणूस असा जातो, हे तिला लहानपणीच कळलं होतं. आधी कुजबुज होते, मग नाव जातं.

"व्हर्लीन," ओडेसा तिच्याकडं वळली, "तू काहीच बोलत नाहीस."

"मला..." तिनं बटर बीन्सचं भांडं उगीच सरळ केलं. "मडिअर म्हणतात ते बरोबर वाटतं."

ओडेसानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. रागानं नव्हे, ते व्हर्लीनला जास्त लागलं.

"ठीक आहे. मग सरकारी कॉलेज बघू गावाजवळचं, तेही मिळालं तर."

"कशाला?" ब्रिएल कॉर्नब्रेड चावत म्हणाली. "ताई कुठं जाणारच नाहीये. तिला दुकानाच्या चाव्या मिळणारेत."

"ब्रिएल, गप!"

"तूच म्हणालीस ना मला! जूनपासून दुकानातले मिस्टर डेल तुला चाव्या देणार, तू सगळ्यांची बॉस होणार, आणि आपल्या खोलीतच राहणार. गुपित आहे म्हणालीस." तिनं चौफेर बघितलं. "आता नाहीये का?"

मग टेबलावर जे झालं ते चर्चमधल्या गदारोळापेक्षा कमी नव्हतं. थर्मन उठून उभा राहिला. "पूर्णवेळ? हो म्हणालीस? मी त्या पांढऱ्या मातीच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या कशासाठी करतोय, तू हार्परचं शटर उघडावंस म्हणून?" ओडेसा म्हणाली, "म्हणून अर्ज असा रिकामा! मुद्दाम नापास व्हायचा अर्ज भरलास तू!" मडिअर, ज्या घटकेपूर्वी नोकरीला नावं ठेवत होत्या, त्या म्हणाल्या, "पोरीला घरी राहावंसं वाटतं यात पाप काय आहे?" आणि ओडेसा त्यांच्यावर उलटली, "म्हणजे तुमची उशी नीट करायला कुणीतरी हवं!"

कियोनानं आपलं ताट उचललं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.

व्हर्लीन तिच्यामागं गेली. आपण काय ऐकणार आहोत हे तिला माहीत नव्हतं; पण ते तिच्याबद्दलच असणार, एवढं माहीत होतं.

*

कियोना खिडकीशी उभी होती. ताट अजून हातातच.

"ओरड, ममा. सगळे ओरडले."

"नाही ओरडत. सांग फक्त. तुला ते दुकान आवडतं?"

"नाही." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "थंड खोलीतल्या दुधाच्या वासानं मला मळमळतं. मिस्टर डेल दिवसभर शिट्टी वाजवतात, एकच चाल. मला नर्स व्हायचंय, तुला माहितीय."

"मग?"

कियोनानं ताट ओट्यावर ठेवलं. "तुला तो दिवस आठवतो?"

व्हर्लीननं नळाकडं बघितलं. "थोडा."

"मी शाळेतून आले. दारातच माझ्या बुटांत पाणी शिरलं. तू इथंच उभी होतीस, नळ चालू, सिंक भरून वाहतंय, आणि तुझ्या हातात एकच बशी. सकाळी मी गेले तेव्हाही तीच बशी होती. मी हाका मारल्या. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, 'मॅडम, तुम्हाला कोण हवंय?'"

हे व्हर्लीनला आठवत नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं.

"मी नळ बंद केला," कियोना म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता, सतराव्या नव्हे, सहाव्या वर्षाच्या मुलीसारखा. "डॅडी पाळीवर असतात. मडिअरना ऐकू येत नाही. ब्रिएल आठ वर्षांची आहे. मी तीनशे मैल लांब गेले तर नळ कोण बंद करेल?"

"मी आता बरी आहे, बेबी. गोळ्या घेते."

"हो. काल घेतलीस, परवा घेतलीस. बुधवारी उशिरा घेतलीस, दहा वाजता." व्हर्लीनच्या चेहऱ्याकडं बघून तिनं मान वळवली. "मी बाटली बघते, रोज. पिठाच्या डब्यामागं आहे ना. राग नको मानूस."

राग? दोन वर्षं व्हर्लीन चर्चमधल्या दोनशे डोळ्यांना भीत होती, आणि तिच्या घरात दोन डोळे दिवसरात्र जागे होते, ते तिला दिसले नव्हते.

"दुसऱ्या कुणाला सांगितलं असतंस..."

"कुणाला? सगळ्यांना लोरेटा मावशीची काळजी आहे. तुला काही झालंय हेच कुणाला माहीत नाही. माहीत नसेल तर बघतील कसे? म्हणून मी नोकरी लिहिली नाही, ममा. लिहिली असती तर 'का' आलं असतं, आणि 'का' आलं असतं तर आत्यानं अर्ज चांगला करून टाकला असता. आणि मग कॉलेजनं घेतलं असतं." तिनं डोळे पुसले. "मला घेतील याचीच भीती वाटते मला."

बाहेर रस्त्यावर गाडी हळू झाली. दोघींनी मान वळवली. चाराला पाच कमी होते. सिस्टर ग्रीअर कधी उशिरा येत नसे.

व्हर्लीनच्या मनात पहिला विचार आला तो मागच्या दारानं निघून जाण्याचा. ती तो विचार घेऊन मागच्या दाराकडं दोन पावलं गेलीसुद्धा. मग थांबली.

तिनं कियोनाचा हात धरला, किंवा कियोनानं तिचा, आणि ती जेवणाच्या खोलीत आली.

"मी तिला सांगणार आहे," ती म्हणाली. आवाज इतका लहान निघाला की मडिअरनी "काय?" विचारलं. "ग्रीअरला. मी स्वतः. सगळं."

थर्मनचा चेहरा पडला. "व्हर्लीन, ऐक. दोन वर्षं मी देवाच्या वेदीसमोर उभा राहून ते नाव वाचतोय. डीकन आहे मी. खोटं बोललो ते चर्चशी नाही, देवाशी बोललो म्हणतील. मला त्या बाकावरून उठवतील."

"उठवतील कदाचित."

"आणि तुला?"

"मला काय करतील तेच मला माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर दोन वर्षं गप्प होते."

"मी तुझ्यासाठी भिंत झाले," मडिअर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा म्हातारा वाटला. "सगळ्या गावासमोर."

"झालात, मडिअर. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्या भिंतीच्या आत माझी पोर अडकलीय."

ओडेसानं खुर्ची मागं सरकवली, टेबलावरची ताटं गोळा केली आणि एक जागा रिकामी करून ठेवली.

दारावर टकटक झाली.

*

सिस्टर ग्रीअर चर्चच्याच पांढऱ्या गणवेशात होती, दुपारच्या कार्यक्रमातून सरळ आलेली. तिनं हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले, कॉब्लरला नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि आपला लॅपटॉप उघडला.

"वेळ कमी आहे. कियोना, मला कारण हवंय. चांगलं पत्र लिहायचंय मला, खोटं नाही."

"कारण मी आहे," व्हर्लीन म्हणाली.

ती उभीच राहिली. बसली असती तर पुन्हा उठली नसती. ती म्हणाली की त्या फेब्रुवारीत ती डेट्रॉइटला नव्हती. मनाचा आजार होता, डॉक्टरांच्या भाषेत मोठा. ती स्वतःच्या मुलीला ओळखत नव्हती. शाळेच्या कॅन्टीनमधली तिची नोकरी सुटली, म्हणून पंधरा वर्षांची पोर गल्ल्यावर उभी राहिली. सात आठवडे ती मनोरुग्णालयात होती. त्या शब्दावर थर्मननं डोळे मिटले. मध्येच ती थांबली, पाणी प्यायली, आणि पुन्हा सुरू झाली.

सिस्टर ग्रीअरनं चमचा खाली ठेवला.

"मग लोरेटाला काय झालंय?"

"काही नाही. ती गुरुवारी बोलिंग खेळते."

"बोलिंग." सिस्टर ग्रीअर थर्मनकडं वळली. "डीकन पिटमन, मी दोन वर्षं दर बुधवारी त्या बाईसाठी गुडघ्यांवर बसलेय. हे गुडघे बघा. मागच्या ईस्टरआधी, लेंटमध्ये, मी तिच्यासाठी उपास केला. चाळीस दिवस गोड चहा सोडला!"

"सिस्टर, मी..."

"माझी प्रार्थना काय रस्त्यावर पडली होती, कुठल्याही दारात टाकायला?" तिचे डोळे भरले होते, आणि ते रागानं की आणखी कशानं, हे व्हर्लीनला कळेना. "मी हिच्या घरापासून चार घरं अंतरावर राहते. चार घरं! मी सूप आणलं असतं. ब्रिएलच्या वेण्या घातल्या असत्या. आणि तुम्ही मला डेट्रॉइटला पाठवलंत."

मडिअर पुटपुटल्या, "तू गावभर केलं असतंस."

"केलं असतं!" सिस्टर ग्रीअर म्हणाली. "अर्ध्या गावाला सांगितलं असतं, आणि ते अर्धं गाव इथं डबे घेऊन उभं राहिलं असतं. उरलेलं अर्धं बोललं असतं. ते तर तसंही बोलतं, मदर पिटमन, ते माझ्या टोपीवरही बोलतं."

व्हर्लीनला हसू येणार होतं, पण हसली असती तर जे मागायचं होतं ते राहिलं असतं. ती टेबलाशी वाकली.

"मी बरी आहे, सिस्टर. पण उद्याची खात्री मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. ही पोर मला सोडून जायला भिते. तुम्ही दर रविवारी दारात उभ्या असता. कोण आलं, कोण नाही, तुम्हाला कळतं. मी जर कधी लागोपाठ दोन रविवार आले नाही, तर थर्मनला विचारू नका, मडिअरना विचारू नका. सरळ घरी या. दार उघडलं नाही तर मागून या."

सिस्टर ग्रीअरनं तिच्याकडं बघितलं.

"दोन कशाला?" ती म्हणाली. "दुसऱ्या रविवारपर्यंत मी काय करू, वाट बघू? एक पुरे. आणि बुधवारी मी येतेच, चहा प्यायला. मला चाळीस दिवसांचा वसूल करायचाय."

कियोना इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आता ती आली आणि लॅपटॉपसमोर बसली.

"मिस्टर डेलना उद्या सांगते," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "चाव्या नकोत म्हणून."

थर्मन तिच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो काढला नाही.

"चला," सिस्टर ग्रीअर म्हणाली. तिचा आवाज आता शाळेतला झाला. "हार्परचं दुकान. गल्ला. आठवड्याचे तास?"

"चोवीस."

"वर्षाचे आठवडे?"

"बावन्न. नाही, एक्कावन्न. ख्रिसमसला एक सुट्टी."

"लिही. आता दुसरं. घरची जबाबदारी. त्यालाही रकाना आहे, नोकरीइतकाच मोठा, पण आपली पोरं तो कधी भरत नाहीत. आईकडं बघणं, बहिणीकडं बघणं, औषधं. आठवड्याला किती तास?"

कियोनाचे ओठ हलू लागले. ती खरंच मोजत होती. शाळा सुटल्यापासून, दुकानाआधी, दुकानानंतर. व्हर्लीन तिच्या ओठांकडं बघत राहिली.

मोजता मोजता मुलगी थांबली. ती सिस्टर ग्रीअरकडं वळली नाही, आत्याकडंही नाही. तिनं आईकडं बघितलं.

"ममा, मी आमच्या खोलीचं दार उघडं ठेवून झोपायचे. तू उठलीस तर ऐकू यावं म्हणून." तिनं पडद्यावरच्या रकान्याकडं बोट केलं. "ते तास धरायचे का?"

"धर," व्हर्लीन म्हणाली.